विश्लेषण : पार्दिनी, वॉल्थर, मोरिनी की फाइनवेर्कबाऊ? पॉइंट टू-टू पिस्तूल निवडताना ‘सर्वात अचूक कोणते’ हा प्रश्न का चुकतो?

गेल्या महिन्यात रेंजवर एक वडील भेटले. मुलगी बावीस वर्षांची. एअर पिस्तुलातून २५ मीटरकडे वळलेली आणि क्लबच्या जुन्या पिस्तुलावर राष्ट्रीय स्पर्धेचे पात्रता गुण गाठलेली. आता स्वतःचे पिस्तूल घ्यायचे ठरले होते. वडिलांच्या फोनवर चार पिस्तुलांचे फोटो होते आणि एक प्रश्न तयार होता. ‘सर, यातले सगळ्यात अचूक कोणते?’

मी म्हणालो, ‘चारही.’

त्यांना ते उत्तर टाळाटाळीचे वाटले. पण ते खरे आहे, आणि नेमकी अडचणही तिथेच आहे. या पिस्तुलांची किंमत युरोपातच दोन हजार युरोंच्या आगेमागे असते. इथे पोहोचेपर्यंत खर्च काही लाखांवर जातो. पुन्हा हे काही मोबाइल किंवा स्कूटर नव्हे. पटले नाही म्हणून पुढच्या महिन्यात बदलता येत नाही. ते परवान्यावर क्रमांकासह चढते आणि वर्षानुवर्षे गळ्यात पडते. त्यामुळे चुकीचा प्रश्न विचारून घेतलेले पिस्तूल महागात पडते, आणि बहुतेक घरांत तो चुकीचाच प्रश्न विचारला जातो.

चारही पिस्तुले इतकी सारखी का?

कारण नियमच त्यांना सारखे करतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार २५ मीटर प्रकारातले पॉइंट टू-टू पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावले पाहिजे. स्पर्धेच्या तपासणी टेबलावर असे खोके खरोखरच ठेवलेले असते. रिकाम्या मॅगझिनसह वजन १,४०० ग्रॅमच्या आत हवे. नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, पुढच्या-मागच्या साइटमधले अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर आणि चाप ओढायला किमान १,००० ग्रॅमचा जोर. दुर्बीण चालत नाही, मूठ मनगटाला वेढून घेणारी चालत नाही. एकाच मापाच्या प्लॉटवर चार आर्किटेक्टनी घरे बांधावीत, तशी ही पिस्तुले आहेत. बाहेरून तोंडवळा वेगळा दिसतो, पण स्वयंपाकघर कुठे येणार हे प्लॉटच ठरवतो.

फरक आहेत, पण ते वेगळ्याच जागी आहेत. जर्मनीतल्या उल्मच्या वॉल्थरने १९६८ च्या सुमारास ‘जीएसपी’ आणले. मॅगझिन चापाच्या पुढे, नळी हाताच्या अगदी जवळ खाली आणि चापाची यंत्रणा सुटी काढता येणारी, अशी तिची रचना होती. त्या घराण्याची नवी आवृत्ती म्हणजे आजची ‘जीएसपी ५००’. इटलीच्या पार्दिनीची ‘एसपी’ आणि स्वित्झर्लंडच्या मोरिनीची ‘सीएम २२ एम’ यांनीही मॅगझिन पुढेच ठेवले. ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊची ‘एडब्ल्यू ९३’ मात्र एका रशियन पिस्तुलाच्या आराखड्यावर उभी आहे. तिच्यात मॅगझिन मुठीतून जाते आणि मागचा धक्का शोषणारी सोय आतच आहे.

मॅगझिन पुढे असले की वजन पुढे झुकते आणि नेम धरताना नळी डोलत नाही, असे पुष्कळांना वाटते. शिवाय मुठीत काही नसल्याने तिला हवा तसा आकार देता येतो. मॅगझिन मुठीत असले की तोल हाताच्या मध्याशी येतो आणि पिस्तूल चटकन उचलल्यासारखे वाटते. यातले श्रेष्ठ काय यावर रेंजच्या चहाच्या टपरीवर तासन् तास वाद होतात. माझ्या मते तो वाद पुरणपोळी दुधाबरोबर की तुपाबरोबर, याच जातीचा आहे.

मग अचूकतेचे काय?

थोडे गणित करू. दोन साइटमधले अंतर २२० मिलिमीटर, निशाण २५ मीटरवर. म्हणजे नेम धरताना पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटरने सरकली, तर गोळी निशाणावर सुमारे ११४ मिलिमीटर सरकते. केसाच्या जाडीएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी चूक झाली तर ११ मिलिमीटर. प्रिसिजन फेरीच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. केंद्रापासून त्याची कड २५ मिलिमीटरवर. मिलिमीटरच्या पावभागापेक्षाही कमी चुकीत दहाचे नऊ होतात.

आता या दर्जाचे कुठलेही पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून चांगल्या काडतुसांनी झाडले, तर गोळ्या त्या वर्तुळाच्या बऱ्याच आत एकमेकींना खेटून पडतात. म्हणजे पिस्तुलाची चूक नेमबाजाच्या चुकीपुढे किरकोळ आहे. दोन पिस्तुलांच्या चाचणीतला दोन-तीन मिलिमीटरचा फरक पाहून लाखांचा निर्णय घेणे म्हणजे गाडी चालवायला येत नसताना टायरच्या ब्रँडवर भांडणे. हा फरक कोणालाच लागू होत नाही असे मी म्हणत नाही. जागतिक अंतिम फेरीत तो लागू होतो. आपण तिथे नाही.

खरा निर्णय हातात होतो

२५ मीटर महिला प्रकारात पहिल्या ३० गोळ्या प्रिसिजनच्या, पाच मिनिटांत पाच. पुढच्या ३० रॅपिडच्या. त्यात हात ४५ अंशांत खाली, निशाण तीन सेकंद समोर, मग सात सेकंद विश्रांती, मग पुन्हा तीन सेकंद. एका वेळी एकच गोळी. या तीन सेकंदांत हात वर आणायचा, साइट जुळवायच्या, चाप ओढायचा. साइट जुळवायला वेळच नसतो. हात वर येतानाच त्या जुळलेल्या हव्यात.

म्हणून मी त्या मुलीला एकच गोष्ट करायला सांगितली. रिकामे, तपासून खात्री केलेले पिस्तूल धर. निशाणाकडे बघ, डोळे मीट, हात खाली ने, वर आण, डोळे उघड. साइट कुठे आहेत? दहा वेळा कर. दहापैकी आठ वेळा पुढची साइट खाचेच्या मध्ये आली तर ती मूठ तुझी. सारखी डावीकडे किंवा वर येत असेल, तर ते पिस्तूल कितीही विजेत्यांनी वापरलेले असो, तुला त्याच्याशी प्रत्येक गोळीला झगडावे लागेल.

चार पिस्तुलांचा मुठीचा कोन वेगवेगळा आहे, चापापर्यंतचे अंतर वेगळे आहे. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर सरळ मागे ओढणारा पडला पाहिजे. बोट आखूड असेल तर टोक पडते आणि गोळी बाजूला खेचली जाते. बोट लांब असेल तर सांधा अडकतो. चाप पुढे-मागे सरकवता येतो, पण सरकवायलाही मर्यादा आहे. मुठी लहान, मध्यम, मोठ्या मापांत येतात, डावखुऱ्यांसाठी वेगळ्या येतात, आणि तळहाताखालचा आधार वर-खाली करता येतो. आपल्याकडे विशेषतः मुलींना मध्यम मूठ बऱ्याचदा मोठी पडते, पण ऑर्डर देताना ‘मध्यम चालेल’ असे सर्रास लिहिले जाते. का, तर क्लबमधल्या दादांनी तेच मागवले होते.

मूठ तयार येते, पण तशीच राहात नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक गंभीर नेमबाज ती कानशीने, पॉलिशपेपरने घासतो, कुठे लाकडाची लांबी भरतो. हे काम ज्या प्रशिक्षकाला येते त्याच्या शेजारी राहणे हे पिस्तूल कोणते घेतले यापेक्षा जास्त मोलाचे आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत बरोबरीनंतरच्या शूटऑफमधून सुवर्णपदक खेचून आणले. ती कोणते पिस्तूल वापरते हे पालक विचारतात. तिला घडवणाऱ्या मुंखबयार दोर्जसुरेन या प्रशिक्षक स्वतः याच प्रकारात मंगोलियासाठी १९९२ ला आणि जर्मनीसाठी २००८ ला ऑलिम्पिक कांस्य जिंकलेल्या, हे मात्र कोणी विचारत नाही.

पॉइंट टू-टूचे लाड

पॉइंट टू-टू काडतुसात पेट घेणारे रसायन तळाच्या मध्यावर नसते, कडेच्या घडीत भरलेले असते. म्हणून याला रिमफायर म्हणतात. रचना स्वस्त आणि साधी, पण तिचे लाड फार. कडेत रसायन सगळीकडे सारखे पसरलेले नसेल तर एखादे काडतूस झडत नाही. काडतुसाची कड बाहेर आलेली असल्याने मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली, तर फैर मध्येच थांबते. शिशाच्या गोळीवरचे मेण आणि जळके अवशेष नळीच्या तोंडाशी साचतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत सफाईत चार दिवसांची चालढकल पुरते.

आणखी एक. रिकामे पिस्तूल ‘टक्’ करून सराव करणे ही एअर पिस्तुलाची सवय. पॉइंट टू-टूत तसे केले की मारक पिन काडतुसाच्या कडेऐवजी थेट नळीच्या तोंडावर आदळू शकते आणि तिथे खड्डा पडतो. बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांत कोरड्या सरावाची वेगळी सोय असते. ती सोय कशी चालते, वापरायला सुटसुटीत आहे का, हे विकत घेण्याआधी हाताळून बघा. कारण तुमचा निम्मा सराव घरी, कोराच होणार आहे.

बिघाडाची किंमत काय, हे टोकियोत साऱ्या देशाने पाहिले. २०२१ मध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली. ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. तेच नाव पॅरिसला दोन कांस्यपदके घेऊन आले, आणि २५ मीटरमध्ये चौथे राहिले. म्हणजे नेमबाज तीच होती. मधल्या काळात तिने खूप काही बदलले असेल, पण टोकियोतल्या त्या मिनिटांना तिच्या कौशल्याचा काही संबंध नव्हता.

२५ मीटरच्या स्पर्धेत पिस्तूल यांत्रिक कारणाने अडकले तर नियमाप्रमाणे संधी परत मिळते. पण मॅगझिन नीट बसले नव्हते, पिस्तूल भरलेच नव्हते अशी चूक नेमबाजाची निघाली, तर त्या गोळ्या शून्य. म्हणून ‘कोणते पिस्तूल कमी अडकते’ हा प्रश्न ‘कोणते जास्त अचूक’पेक्षा दसपट महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर पिस्तुलात अर्धे आणि काडतुसात अर्धे असते. एका पिस्तुलाला एक काडतूस लागते, दुसऱ्याला दुसरे. भारतात सगळी काडतुसे सदासर्वकाळ मिळत नाहीत. जे पिस्तूल केवळ एकाच परदेशी कंपनीच्या महागड्या काडतुसावर नीट चालते, ते वर्षातले काही महिने कपाटात राहणार.

हिशेब करून बघा. आठवड्यात चार दिवस, दिवसाला शंभर गोळ्या, म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या घरात. दोन-तीन वर्षांत काडतुसांचा खर्च पिस्तुलाला गाठतो. तरी घरोघरी चर्चा पिस्तुलाचीच.

चापाचेही तसेच. तपासणीत पिस्तूल उभे धरून चापाला एक किलोचे वजन लटकवतात. वजन उचलले गेले पाहिजे. नवखे लोक चाप बरोबर १,००० ग्रॅमवर लावून येतात. झीज झाली, हवा बदलली, आणि स्पर्धेनंतरच्या तपासणीत वजन खाली राहिले की थेट बाद. वीस-तीस ग्रॅम वर ठेवा. एअर पिस्तुलात ५०० ग्रॅमची सवय झालेल्या बोटाला हे आधी जड जाते, पण महिनाभरात ते विसरते.

माझी चूक

मी स्वतः पहिले पिस्तूल एका विजेत्याचा फोटो पाहून घेतले होते. नाव घेत नाही. पिस्तूल चांगले होते. दीड वर्षाने चापातली एक बारीक स्प्रिंग तुटली. आमच्या शहरात ते पिस्तूल माझ्याकडेच होते. ज्यांच्याकडून घेतले त्यांना फोन, ईमेल, पुन्हा फोन. स्प्रिंग आली पाच महिन्यांनी, तोवर राज्य स्पर्धा उलटून गेली होती. शेजारच्या लेनमधल्या मित्राकडे साधे, जुने, पण क्लबमध्ये सहा जणांकडे असलेले पिस्तूल होते. त्याची तीच स्प्रिंग तुटली तेव्हा आमच्या दुरुस्तीवाल्या काकांनी डब्यातून दुसरी काढली आणि चहा संपायच्या आत बसवून दिली.

अमेरिकेतल्या साध्या टार्गेट पिस्तुलांतही हेच दिसते. रुगरची मार्क मालिका दणकट आणि लोकप्रिय, पण जुन्या आवृत्त्या सफाईसाठी उघडल्या की पुन्हा जोडताना भलेभले घाम पुसत. २०१६ ला ‘मार्क ४’ आली, एका बटणाने उघडणारी. जाहिरातीत तेच मिरवले गेले. लोकांना अचूकता आधीच मिळाली होती. त्यांना हवी होती सफाई करण्याची शांतता.

भारतात निवड एवढी जड का?

कारण चाचणी घेऊन परत करण्याची सोयच नाही. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. खेळाडूंना जास्त सवलती आहेत, पण त्या कामगिरीच्या पायऱ्यांशी जोडलेल्या आहेत. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवून ‘ख्यातनाम नेमबाज’ हा दर्जा मिळाला की राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीने आयात शक्य होते. परवान्यासाठी शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. कागद, तपासणी, प्रतीक्षा. शस्त्राच्या बाबतीत ही कडकपणाची चौकट असलीच पाहिजे, यात मला शंका नाही. पण तिचा एक परिणाम असा की पिस्तूल येते तेव्हाच खेळाडू ते पहिल्यांदा हातात धरतो. लग्न ठरवताना फोटो बघणे आणि अक्षता पडल्यावर भेटणे, असा हा प्रकार.

हे सुटण्यासारखे आहे. पुण्याच्या बालेवाडीसारख्या सरकारी रेंजवर आणि राज्य संघटनेच्या ताब्यात या चारही बनावटींचे एकेक पिस्तूल, प्रत्येकाच्या तीन मापांच्या मुठी आणि चार-पाच प्रकारची काडतुसे ठेवली, वर्षातून दोनदा चाचणीचे शनिवार-रविवार ठेवले, तर कित्येक घरांचे लाखो रुपये वाचतील. परवान्याची चौकटही मोडणार नाही, कारण शस्त्र रेंजबाहेर जाणारच नाही. पदक जिंकल्यावर सत्काराला जेवढा हार-शालींचा खर्च होतो, त्याच्याशी याची तुलना करून बघावी.

तोवर काय? माझे मत विचारलेत तर सांगतो. पहिले स्वतःचे पिस्तूल घेताना तुमच्या रेंजवर ज्याची सर्वाधिक पिस्तुले आहेत ते घ्या, बहुतेक ठिकाणी ते पार्दिनी किंवा वॉल्थर असेल. दोन्ही असतील तर डोळे मिटून हात वर आणायची चाचणी निकाल देईल. हात फार लहान असेल किंवा तोल मागे आवडत असेल तर फाइनवेर्कबाऊ नक्की धरून बघा. मोरिनीबद्दल मला तक्रार नाही, पण माझ्या ओळखीत ते दुरुस्त करणारा कोणी जवळ नाही, आणि माझ्यासाठी तेवढे पुरेसे आहे. इलेक्ट्रॉनिक चापाच्या मोहात पहिल्या पिस्तुलाला पडू नका. बॅटरी संपायची वेळ ती स्वतः ठरवते. उरलेल्या पैशांतून एक सुटे मॅगझिन, चापाच्या आणि पिनच्या स्प्रिंगा आणि काडतुसे घ्या.

ते वडील हे सगळे ऐकून थोडे हिरमुसले. त्यांना एक नाव हवे होते. मुलगी मात्र पुढच्या शनिवारी आली, क्लबमधल्या लोकांची तीन पिस्तुले त्यांच्याच देखरेखीखाली धरून पाहिली, डोळे मिटून हात वर केला, वहीत खुणा केल्या. नवव्या वेळी म्हणाली, ‘हे जुने जीएसपीच सरळ येतंय.’ ते पिस्तूल एका निवृत्त सदस्याचे आहे आणि ते विकायला तयार आहेत. हस्तांतराचा अर्ज गेला आहे. मूठ मध्यम आहे, अंगठ्याच्या बुडाशी जरा जाड लागते. या रविवारी आम्ही पॉलिशपेपर घेऊन बसणार आहोत.